फाळक्यांच्या घरची भिंत

(द्वितीय वर्ष कला)

थोर व्यक्तींची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. जन्म, शिक्षण, कार्य आणि मृत्यू असे चार रकाने भरले की चरित्र पूर्ण झाले, अशी माझीही समजूत होती. धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे हे चार रकाने मला तोंडपाठ होते. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. शिक्षण मुंबई व बडोदे. कार्य म्हणजे ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’. मृत्यू १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक. निबंधाला एवढे पुरत असे आणि गुणही मिळत असत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र आमच्या घरात एक छोटा प्रोजेक्टर आला आणि ही समजूत मोडली. घरात प्रोजेक्टर लावणे म्हणजे काय असते, हे स्वतः करून पाहिल्यावरच दादासाहेब मला थोडेफार कळले. म्हणून त्यांचे चरित्र मी त्या एका यंत्राच्या बाजूने सांगणार आहे. वाचकांनी व गुरुजनांनी हे धाडस गोड मानून घ्यावे.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते, आण्णा दुसऱ्याची शेती वाट्याने करतात. कमवा व शिका योजनेत वर्षभर ग्रंथालयातील पुस्तके लावून मी काही पैसे साठवले होते. त्यांतून पडवीवरचे गळके पत्रे बदलावेत, असे आण्णांच्या मनात होते. मी मात्र नाशिकला जाऊन एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला. घरी विचारले नाही, आणल्यावर सांगितले. आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यात पहिल्या रात्री फजिती झाली. स्टुलावर यंत्र ठेवले, मोबाइल जोडला आणि भिंतीवर उमटला तो एक फिकट, वेडावाकडा चौकोन. वर रुंद, खाली अरुंद. भिंतीचे पोपडे चित्रातल्या माणसांच्या तोंडावर आले. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड दारातून आत येत होता, तोही चित्र खाऊन टाकत होता. चित्र मोठे व्हावे म्हणून मी स्टूल मागे सरकवले, तर ते आणखीच पुसट झाले. दुसऱ्या दिवशी शाळेचे विज्ञानाचे पुस्तक काढून बसले, तेव्हा चूक उमगली. भिंतीपासूनचे अंतर दुप्पट केले की चित्राची लांबी व रुंदी दुप्पट होते, पण क्षेत्रफळ चौपट होते. दिव्याचा उजेड तेवढाच असतो. तोच चौपट जागेवर पसरतो आणि चित्राचे तेज एक चतुर्थांश उरते. यंत्र भिंतीशी काटकोनात नसले, तर चौकोन वाकडा होतो. म्हणजे अंधार हवा, सपाट पांढरा पृष्ठभाग हवा, यंत्र चित्राच्या मध्याच्या समोर हवे आणि हाव आवरायला हवी!

हे समजले त्या रात्री मला दादासाहेबांच्या मेणबत्तीची आठवण झाली. ती मेणबत्ती त्यांच्या हाती कशी आली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. मुंबईला विल्सन महाविद्यालयात ते शिकवू लागले आणि कुटुंब त्र्यंबकेश्वर सोडून मुंबईस आले. मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि तेथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण असे जे जे दिसेल ते ते या तरुणाने शिकून घेतले. १८९० साली त्यांनी छायाचित्रांचा कॅमेरा घेतला. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले आणि तो संसार तेथेच संपला. पुढे ते जादूचे प्रयोगही शिकले. फाळके हे आडनाव उलट वाचून प्रोफेसर केळफा असे नाव त्यांनी धारण केले होते. पुरातत्त्व खात्यात नक्षेनवीस व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली आणि बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ती सोडली. मग लोणावळ्यास छापखाना काढला. तो मुंबईस नेला, वाढवला, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. शेवटी भागीदारांशी बिनसले आणि त्या छापखान्यातून ते अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावेत असे बाहेर पडले.

वरवर पाहता हे एका अस्थिर माणसाचे आयुष्य वाटते. एक धंदा धरला, दुसरा सोडला. आमच्या गावात अशा माणसाला कोणी मुलगी दिली नसती. परंतु चित्र काढणे, प्रकाश ओळखणे, रसायने हाताळणे, यंत्र उघडून पुन्हा जोडणे आणि प्रेक्षकांना चकित करणे या सगळ्या विद्या पुढे एकाच कामाला लागल्या. ते काम त्यांना वयाच्या चाळिशीत सापडले.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. आपली माणसे, आपल्या कथा पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. पुन्हा पत्नीला घेऊन ते तो चित्रपट पाहून आले. आणि मग त्यांनी जे केले, तेच मला सर्वांत मोठे वाटते. त्यांनी हा खेळ घरी मांडला.

खेळण्यातले म्हणावे असे एक लहानसे सिनेमायंत्र आणि काही रिळे त्यांनी मिळवली. रात्री घर निजले की मेणबत्ती लावायची, तिचा उजेड भिंगातून नेऊन भिंतीवर टाकायचा आणि चित्रे पाहत बसायची. भिंगातून चित्र उलटे पडते, म्हणून फिल्मची पट्टी यंत्रात उलटी धरावी लागते. पट्टी सलग सरकली तर भिंतीवर नुसता धूसर पट्टा दिसतो. प्रत्येक चित्र क्षणभर थांबले पाहिजे, मधल्या क्षणी उजेड अडला पाहिजे आणि लगेच पुढचे चित्र त्याच जागी आले पाहिजे, तेव्हा डोळ्याला हालचाल भासते. त्या काळी साधारणतः सेकंदाला सोळा चित्रे अशी गती असे. माझ्या यंत्रात विजेचा प्रखर दिवा आहे, तरी चित्र फिकट पडले. दादासाहेबांकडे मेणबत्ती होती. चित्र लहानच ठेवावे लागत असणार आणि पाहणाऱ्याला भिंतीच्या अगदी जवळ बसावे लागत असणार, असा माझा अंदाज आहे.

रोज चार-पाच तास हा क्रम चालला. झोप उडाली. डोळ्यांवर ताण येऊन मोतीबिंदूचे निदान झाले. विश्रांतीचा सल्ला न मानल्यामुळे काही काळ दृष्टी पूर्णच गेली. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार करून, तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आणली. ज्याला साऱ्या देशाला चित्र दाखवायचे होते, तो माणूस आधी स्वतःच आंधळा झाला होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात कोठेच नव्हती.

डोळे परत आले तसे ते विलायतेस जाण्याच्या तयारीला लागले. पैसा नव्हता. बारा हजार रुपयांची विम्याची पॉलिसी होती. ती गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांची त्यांनी भेट घेतली. त्यांच्या ओळखीने वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहायला मिळाला. सुमारे दोन आठवडे जे दिसेल ते त्यांनी टिपून घेतले. पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म व तिला कडेची भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले.

विम्याच्या या प्रसंगापाशी मी पुष्कळ दिवस अडून राहिले. विम्याची पॉलिसी म्हणजे काय? आपल्या मागे बायकामुलांचे हाल होऊ नयेत म्हणून केलेली तजवीज. ती गहाण ठेवणे म्हणजे घराचे छप्पर गहाण ठेवणे. एका माणसाच्या ध्यासासाठी घरातल्या सगळ्यांनी उघड्यावर का यावे? माझ्या प्रोजेक्टरपायी आमच्या पडवीचे पत्रे राहिले होते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ पुस्तकी राहिला नव्हता. यशस्वी माणसाचे धाडस आपण धाडस म्हणतो, अयशस्वी माणसाच्या त्याच कृत्याला उधळेपणा म्हणतो. मग पैसे काढण्याच्या दिवशी ते नक्की काय असते?

याचे उत्तर मला दादासाहेबांच्या चरित्रात मिळाले नाही, सरस्वतीबाईंच्या चरित्रात मिळाले. १९०२ साली दादासाहेबांचा दुसरा विवाह झाला. मूळच्या करंदीकरांकडच्या गिरिजा लग्नानंतर सरस्वती झाल्या. पतीपेक्षा त्या वयाने बऱ्याच लहान होत्या. मे १९१२ मध्ये विलायतेहून यंत्रे आली. सोबतच्या नकाशावरून दादासाहेबांनी ती चार दिवसांत स्वतःच जोडून उभी केली. दादरच्या बंगल्यातच अंधारी खोली तयार झाली. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे काम या खोलीत सरस्वतीबाई करीत. उजेडाचा एक कवडसा लागला तरी फिल्म वाया जाते, म्हणून ते काम अंधारातच, हाताच्या अंदाजाने करावे लागे. एका फुटात सोळा चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. म्हणजे चित्रे ५९ हजारांच्या वर आणि भोके पावणेपाच लाखांच्या जवळ जातात. माझा हिशेब कच्चा असेल, पण त्यावरून त्या माउलीच्या हातांची कल्पना यावी.

यंत्र चालते की नाही, हे पाहण्यासाठी दादासाहेबांनी प्रथम घराभोवती खेळणाऱ्या मुलांचेच चित्रण केले. मग एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे टिपली. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटभरात घडली. बी फुटले, अंकुर वर आला, वेल झाला. हा ‘अंकुराची वाढ’ नावाचा लघुपट त्यांनी निवडक मंडळींना दाखवला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देव्हारे यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. ज्याला भरवसा हवा होता, त्याच्यापुढे दादासाहेबांनी भाषण केले नाही, उगवणारा वाटाणा ठेवला. आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना ही भाषा चटकन कळते.

पुढचा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे. तारामतीच्या भूमिकेला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणास तारामती केले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि रोहिदासाची भूमिका दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केली. मंडळींचा राबता मोठा असे. या सर्वांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, कपडे धुण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. पैसा कमी पडला तेव्हा त्यांचे दागिने गेले. चित्रीकरण उन्हाच्या उजेडात चाले, आणि नटांच्या चेहऱ्यावर तो उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी पडदा उजळला. त्या उजेडात पांढरी चादर धरणारे हात मात्र कोठेच दिसत नव्हते.

यानंतर दादासाहेब नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व कमलाबाई या मायलेकींनी भूमिका करून स्त्रियांना पडद्याचा मार्ग मोकळा केला. १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या चित्रपटांचे कौतुक झाले, तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी विचारणा झाली. ती नाकारून ते परतले. महायुद्धाने कच्ची फिल्म व भांडवल दोन्ही आटले. तरी १९१७ च्या ‘लंकादहन’ने अमाप गर्दी खेचली. त्यात साळुंके यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. बैलगाडीत प्रोजेक्टर, पडदा व रिळे घालून दादासाहेब गावोगाव खेळ करीत. उत्पन्न नाण्यांत येई आणि परतताना त्या नाण्यांचेच ओझे होई. माझ्या आजीने जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला होता. त्या तंबूची पहिली वाट या बैलगाडीच्या चाकोरीतून गेली असावी, असे मला वाटते.

१९१८ साली पाच भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ व १९१९ चा ‘कालिया मर्दन’ यांत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मात्र भागीदारांशी पटले नाही. ते सर्व सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी परत आले. तोवर काळ पुढे सरकत होता. बोलपट आले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, तोच शेवटचा. नव्वदहून अधिक चित्रपट काढणारा हा माणूस अखेरीस नाशिकला जवळजवळ विस्मृतीत गेला. आज त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान म्हणून दिला जातो. पण त्यांच्या चित्रपटांतले फार थोडे शिल्लक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चे जे भाग आज पाहायला मिळतात, ते १९१३ चे की १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्राचे, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वाचला आहे.

आता पुन्हा आमच्या घरी येते. तिसऱ्या संध्याकाळी मी दाराला गोधडी बांधून उजेड अडवत होते. स्टुलाखाली विटा ठेवून यंत्र सरळ केले होते. भिंतीच्या पोपड्यांचे काय करावे, हा प्रश्न तेवढा राहिला होता. आण्णा बाहेरून आले, खुंटीवरचे स्वतःचे धुतलेले पांढरे धोतर काढले आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवले. एक टोक आईने धरले, दुसरे धाकट्या बहिणीने. आईचे हात दिवसभर द्राक्षाच्या वेलीवर वर धरलेले असतात. तरी तिने ते पुन्हा वर धरले.

मी ‘कालिया मर्दन’ लावला. आरंभी पडद्यावर कथा येत नाही, मंदाकिनी येते. सहा-सात वर्षांची ती पोर आपल्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते आणि मगच तिचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीची ती मुलगी आण्णांच्या धोतरावर हसली, तेव्हा आईला वाचता न येण्याची अडचण आली नाही. आण्णा उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत पाहत होते. मध्येच मला दिसले की आईचे हात थरथरत आहेत. मी चित्र थांबवले आणि भिंतीला दोन खिळे ठोकले. हे दोन खिळे मी आधी का ठोकले नाहीत, याची मला लाज वाटली.

मला मिळालेले उत्तर असे आहे. दादासाहेबांनी घर पणाला लावले हे खरे. पण ते घर त्यांच्यासोबत अंधाऱ्या खोलीत उतरले, उन्हात उभे राहिले, म्हणून त्या पणाला अर्थ आला. एकट्याने लावलेला पण मोठा नसतो. मी घरी विचारले नव्हते, ही माझी चूक मी येथे लिहून ठेवते. यंदाच्या कमाईतून आधी पत्रे येतील, असे मी आण्णांना सांगितले आहे. ते नुसते हसले.

दादासाहेब फाळके यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन. आणि त्याच ओळीत, तितक्याच ठळक अक्षरांत, सरस्वतीबाई फाळके यांनाही.